चोवीस अंडी आणि एक कडं

चांदी या विषयावर मी काम करते त्या ग्रंथालयात सहा पुस्तकं आहेत आणि सहाच्या सहा मी वाचली आहेत! मला झोपेतून उठवून विचारा: उष्णता सगळ्यात झपाट्याने वाहून नेणारा धातू कुठला? चांदी! सगळ्यात जास्त उजेड परतवणारा? चांदी! मग शुद्ध चांदीचे दागिने का घडवत नाहीत? कारण ती फार मऊ! हजारात पंचाहत्तर भाग तांबं मिसळावं लागतं, तेव्हा कुठे तिच्या अंगात ताठा येतो. शिवाय मी चांदीचे दागिने घडवणाऱ्या माणसाची मुलगी. म्हणजे पुस्तकं सहा आणि बाप एक, असा माझा भक्कम अभ्यास! यातलं प्रत्यक्ष हाताने किती केलं होतं, हे कृपया आत्ताच विचारू नका. गोष्ट संपेपर्यंत तुम्हाला आपोआप कळेल.

ज्या शनिवारी हे घडलं, तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान आणि दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचा कामाचा ओटा. ऐरण, हातोड्या, चिमटे आणि शेजारच्या खिडकीला जाड काळा पडदा. चांदी तापवताना ती फिकट गुलाबी दिसली की आच काढायची असते आणि तो गुलाबी रंग उन्हात दिसत नाही, म्हणून पडदा. "ठोकत राहिलं की चांदी अडून बसते," बाबा म्हणायचे, "तापवली की पुन्हा ऐकायला लागते. तुझ्या आत्याच्या बरोबर उलट!" आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तापली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्या बापाचंही ऐकत नसे म्हणे.

बाबांच्या मागे शेवटच्या खणात पातळ कागदाच्या आठ पुड्या राहिल्या होत्या. सात दुकानात मांडायच्या. आठवीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'बसवाल्या बाई. कडं. नेच्याची पानं.' खाली फोन नंबर. हे त्यांनी पुरं केलेलं शेवटचं काम. त्याबद्दल आई एकदाच बोलली होती, "एवढं ज्यांचं त्यांना पोचलं की मी शटर ओढायला मोकळी." आणि मीही एकदाच बोलले होते, "माझ्यावर सोड. बाबांनी दिलं असतं अगदी तसंच जाईल."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते जन्मभर लक्षात राहणार आहे!

आता जरा मागचं सांगते. दुःखात काही माणसं रडतात, काही बोलत सुटतात. मी आवरते. बाबा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांचा ओटा असा आवरला की पाहणाऱ्याने हातच जोडावेत! हातोड्या लहानापासून मोठ्यापर्यंत. चिमटे अकारविल्हे. प्रत्येक खणातून पांढऱ्या खडूचे तुकडे निघाले, सगळे मिळून वीसेक. बाबा शिक्षक नव्हते, घरात फळा नव्हता. टाकले! घाण वास येणारी एक काळी बाटली निघाली. टाकली! आठही पुड्या नीट घडी घातल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लेबल लावलं आणि ग्रंथालयातून आणलेल्या नव्याकोऱ्या रुंद लाल रबरबँडांनी गच्च बांधल्या. आमच्या वाचनकक्षातली कार्डंसुद्धा इतकी शिस्तीत नसतील.

तर त्या शनिवारी आई डोळे तपासायला गेली होती. बसवाल्या बाई दुसऱ्या दिवशी, रविवारी चारला येणार होत्या. मी साडेआठला पुडी उघडली, म्हटलं, एकदा नजर टाकावी.

कडं काळवंडलं होतं! पानांच्या शिरांमध्ये काळं, कडांना तपकिरी आणि वर मधोमध, पानांना आडवी छेदत गेलेली, बोटभर रुंदीची एक काळी रेघ!

"हे असं द्यायचं?" मी आत्याला विचारलं. ती बाबा गेल्यापासून आमच्याकडेच होती.

"छे! लोक म्हणतील, माणूस गेला आणि मागच्यांनी फडकंसुद्धा मारलं नाही."

फडकं? सहा पुस्तकं वाचलेली बाई फडकं मारते होय! मी पातेल्यात फॉइल अंथरली, खायचा सोडा घातला, वर उकळतं पाणी ओतलं आणि कडं आत सोडलं. चांदीवरचं काळं म्हणजे गंधक. ते चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं. घासायचं नाही, खरवडायचं नाही, चांदीचा कणसुद्धा वाया जात नाही! दोन मिनिटांत कडं असं लखलखलं की आत्याने डोळ्यांवर हात धरला. मग मी ते चांदीच्या चमच्याने बाहेर काढायला गेले. उष्णता सगळ्यात झपाट्याने वाहून नेणारा धातू कुठला, हे मला त्याच क्षणी पुन्हा एकदा, यावेळी बोटांनी, कळलं! चमचा एकीकडे, मी दुसरीकडे!

पण कडं झालं होतं सुंदर. मी ते घेऊन रस्ता ओलांडला आणि घड्याळजींकडे गेले.

घड्याळजी म्हणजे समोरच्या टपरीएवढ्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे, बाबांचे तीस वर्षांचे मित्र. डोळ्याला कायम भिंग. त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट दसपट मोठी दिसते, विशेषतः दुसऱ्याची चूक. त्यांनी कडं उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"खोलातलं काळं कुठे गेलं?"

"काढलं! मळ होता."

"मळ?" त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. हे ते फक्त फार गंभीर प्रसंगी करतात. "अगं बये, तुझा बाप नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळं भरायचा! औषध लावून. मग वरचा उठाव अंगठ्याने पुसायचा. त्याशिवाय पान पान दिसतं का? जा, तुमच्याच कपाटात बघ."

मी धावत आले. काचेच्या कपाटात बाबांच्या हातचे अडतीस दागिने होते आणि त्या नक्षीदार अडतीसांच्याही खोलात काळं होतं. मी रोज त्यांच्यासमोरून जात होते. सहा पुस्तकं वाचली होती, पण हे एक कपाट वाचलं नव्हतं!

"काका," मी परत जाऊन म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला. "त्याच्यावर एक आडवी रेघसुद्धा होती. जाड, काळी. बरोबर मधून."

"रेघ? पानांवरून रेघ? तो कशाला रेघ ओढेल?"

आम्ही दोघं कड्याकडे बघत राहिलो. आणि मला एकदम उमगलं. ग्रंथालयात बारा वर्षं काढली की माणसाला कुठल्याही गोष्टीत अर्थ सापडतो.

"काका, हे कडं बसवाल्या बाईंचं आहे. ती रेघ म्हणजे रस्ता! दोन्हीकडे झाडी आणि मधून रस्ता!"

घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, बहुधा डोळा लपवायला. "अरे माणसा," ते पुटपुटले. "शेवटच्या कामात रस्ता काढून गेलास!"

आणि तो रस्ता मी सोड्याच्या पाण्यात धुऊन टाकला होता.

"त्याची औषधाची बाटली असेल ना? लाव परत. काळी बाटली. वास येतो तिला."

"येत होता," मी म्हणाले.



घाबरायचं कारण नव्हतं, रविवारी चारपर्यंत वेळ होता. तेवढ्यात, साडेनऊला, फोन वाजला.

"मी बस चालवते ती बाई बोलतेय. उद्या मला जमायचं नाही हो, ड्युटी बदलली. आजच येते. माझा शेवटचा स्टॉप तुमच्याच कोपऱ्यावर आहे. अकराला येते, बस अकरा मिनिटं थांबते. चालेल ना?"

"चालेल!" माझ्या तोंडून निघालं. काय चालेल, कसं चालेल, काही पत्ता नाही. पण ग्रंथालयात कोणी काही मागितलं की 'मिळेल' म्हणायची सवय.

आता पाचवं पुस्तक मदतीला आलं. औषध नसेल तर उकडलेल्या अंड्याचा गरम बलक चांदीजवळ बंद डब्यात ठेवा. अंड्यातल्या गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते. एक-दोन अंड्यांना काही तास लागतात. उकडणं-सोलणं वजा जाता माझ्याकडे तास होता एक. मी हिशेब मांडला: दोन अंड्यांना सहा तास, तर चोवीस अंड्यांना अर्धा तास! गणित चोख होतं. कोपऱ्यावरून दोन डझन अंडी आली.

"अगं, एवढी अंडी कोणी खायची?" आत्याने विचारलं. आम्ही दोघी जोरात सोलत होतो.

"कोणीच नाही. चांदीसाठी आहेत."

"चांदीला अंडी?" आत्याने हातातलं अंडं खाली ठेवलं. "मी चार दिवस म्हणतेय, एखादं अंडं कर, तर वेळ नाही. आणि चांदीला चोवीस!"

अडचण एवढीच की चोवीस कुस्करलेली अंडी मावतील असा हवाबंद डबा घरात नव्हता. मी चहूकडे पाहिलं. आणि मला दिसलं, बाबांचं काचेचं कपाट! चांदी काळी पडू नये म्हणून त्यांनी स्वतः त्याच्या फटी बंद केल्या होत्या, दार लावलं की मुंगीही आत जाणार नाही. घरातली सगळ्यात हवाबंद जागा!

"आतले दागिने काढायचे ना?" आत्याने विचारलं. पुढे आयुष्यभर ती मला सांगणार आहे की तिने हे विचारलं होतं.

अडतीस दागिने काढून, गुंडाळून ठेवायला अर्धा तास. मी घड्याळाकडे पाहिलं, दागिन्यांकडे पाहिलं. "त्यांना काय होणार आहे, आत्या? ते आधीच काळे आहेत!"

वाफाळत्या अंड्यांचं परातभर भरीत खालच्या फळीवर, कडं मधल्या फळीवर, दार बंद. दहा वाजून पाच मिनिटं.

वीस मिनिटांनी आत्याची किंकाळी आली. "अगं ये! ये लवकर! सोनं झालं!"

खरंच, कडं पिवळंधमक दिसत होतं! आणि कडंच काय, शेजारचे झुमके, वरच्या साखळ्या, अंगठ्या, सगळं कपाट सोन्याचं! चांदी काळी पडताना आधी पिवळी दिसते, हे पुस्तकात होतं. पण आत्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती हात जोडून उभी होती. "तीस वर्षं माझ्या भावाने चांदी घडवली," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "आणि अंड्याची युक्ती त्याला कोणी सांगितली नाही!"

"आत्या, हे थांबणार नाही. हे पुढे जाणार."

"आता थांबव ना मग! इथेच थांबव!"

सोनं पाचेक मिनिटं टिकलं. मग तपकिरी झालं, मग जांभळं, मग कडेने मोरपिशी. आत्या प्रत्येक रंगाला हळहळत होती. मी मात्र काळ्याची वाट बघत होते आणि मधूनमधून दार जरासं उघडून आत डोकावत होते. तिथेच चुकलं! एकदा उघडलं की कपाटातला वास खोलीत, खोलीतला जिन्यात आणि जिन्यातला थेट वरच्या मजल्यावर. तिथे गणिताचे सर राहतात.

पावणेअकराला जिन्यावर आरडाओरडा सुरू झाला. "गॅस! गॅस गळतोय! सगळे बाहेर!" सर अर्ध्या गालाला साबणाचा फेस, कमरेला टॉवेल आणि हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अशा अवस्थेत खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब उतरलं. कोणीतरी फोन केला होता आणि गॅस कंपनीचं ऑफिस पुढच्याच चौकात. इतर वेळी आठ दिवस न फिरकणारा त्यांचा माणूस पिवळं हेल्मेट घालून, हातात यंत्र घेऊन पाच मिनिटांत हजर! त्याने पहिलं काम काय केलं तर सगळ्या इमारतीचा गॅस बंद केला. दुसरं, मला आणि आत्याला दंडाला धरून फुटपाथवर आणून उभं केलं.

"अहो, मला आत जाऊ द्या! आत कडं आहे!"

"बाई, जीव महत्त्वाचा की कडं?"

"गॅस नाहीये तो! अंडी आहेत!"

तो थबकला. "किती?"

"चोवीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग यंत्राकडे. "यंत्र काही दाखवत नाही," तो म्हणाला, "पण नाक दाखवतंय. मी नाकाचं ऐकतो. सव्वीस वर्षांची नोकरी आहे माझी." आणि त्याने आमच्या दारावर लाल पट्टी लावली.

आत कडं काळं होत होतं. अर्धा तास केव्हाच उलटला होता आणि मी फुटपाथवर उभी राहून गणिताच्या सरांच्या गालावरचा फेस सुकताना बघत होते.

अकराला कोपऱ्यावर बस आली. पण स्टॉपवर थांबली नाही, गर्दी पाहून सरळ आमच्या दारासमोर येऊन उभी राहिली. दार फुस्स करून उघडलं आणि पन्नाशीच्या, धिप्पाड, खाकी शर्टातल्या बाई उतरल्या.

"काय झालं हो? आग?"

"अंडी," गॅसवाला म्हणाला.

"माझं कडं आणायला आलेय मी. अकरा मिनिटं आहेत."

त्या एका वाक्यात काय जरब होती कोण जाणे! सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस मुकाट्याने तोंडाला मास्क लावून आत गेला आणि परतला तेव्हा त्याच्या एका हातात परात होती आणि दुसऱ्यात कडं.

कडं काळं झालं होतं. खोलात काळं, उठावावर काळं, आतून काळं, बाहेरून काळं. तव्याच्या बुडासारखं! पान नाही, शीर नाही, रस्ता नाही.

"हे माझं?" बसवाल्या बाईंनी विचारलं.

 बाबांनी दिलं असतं अगदी तसंच जाईल, असं मी म्हणाले होते ना! बाबांचे हात त्या कड्यावरून शेवटचे फिरले होते आणि त्यांच्यावर मी चोवीस अंडी फासली होती. चार महिन्यांत मी कोणासमोर रडले नव्हते. आता भर रस्त्यात, परातीतल्या अंड्यांच्या साक्षीने रडू फुटेल असं वाटायला लागलं.

त्याच वेळी आई आली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं. गर्दी, बस, हेल्मेट आणि टॉवेल एवढंच तिला कळलं असावं.

"काय चाललंय?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या लेकीने चांदीचं सोनं केलं होतं. टिकलं नाही."

आईने हात पुढे केला. मी कडं तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलंच नाही, नुसती आतल्या कडेवरून तर्जनी फिरवली. बाबा आतली कड नेहमी गोल घासायचे, हाताला बोचू नये म्हणून.

"त्यांचंच आहे," ती म्हणाली आणि कडं बसवाल्या बाईंना दिलं.

"अहो पण, मी तर पांढरं सांगितलं होतं!" बसवाल्या बाई म्हणाल्या. "लख्ख पांढरं! दिवसभर मी काळं-राखाडीच बघते. रस्ता काळा, टायर काळं, धूर काळा. हातात तरी उजेड दिसू दे म्हटलं. त्यावरून आमचं दोनदा भांडण झालं! ते म्हणे, नक्षीत काळं भरल्याशिवाय मी काम देत नाही. मी म्हटलं, मग नको मला."

"पांढरं?" मी म्हणाले. "म्हणजे... काळं नकोच होतं?"

"नकोच! शेवटी हसले ते. म्हणाले, 'बरं, पांढरं देतो. तुम्ही रोज घालत राहा. खोलातलं काळं आपोआप येईल आणि उठाव तुमच्या हातानेच उजळत राहील. मी औषधाने आणतो त्यापेक्षा ते चांगलं असतं. पण हे कोणाला सांगू नका, माझी किंमत कमी होईल.'"

आई हसली. थोडंसंच. आत्याने नाक ओढलं. मी ते वाक्य मनात पुन्हा लावून बघत होते. बाबांची सगळी वाक्यं आता माझी पाठ झाली होती, नवीन येणं बंद झालं होतं. आणि आज हे एक, न ऐकलेलं, बसमधून उतरलं होतं.

"सात मिनिटं," बसवाल्या बाई म्हणाल्या.

आणि मी भानावर आले! सकाळी साडेआठला मी केलं होतं तेच बरोबर होतं! फक्त ते पुन्हा करायचं होतं. गॅस नसताना, पातेलं नसताना, घराला लाल पट्टी असताना, सात मिनिटांत!

"उकळतं पाणी!" मी ओरडले.

"माझ्याकडे विजेची किटली आहे!" घड्याळजी रस्त्यापलीकडून ओरडले.

"खायचा सोडा!"

"तोही आहे! पित्तावर घेतो मी!"

"अॅल्युमिनियमची फॉइल!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बसवाल्या बाई बसमध्ये चढल्या आणि डबा घेऊन आल्या. त्यांनी दुपारचं जेवण फॉइलमधून सोडवून गणिताच्या सरांच्या हातात दिलं. सरांनी एका हाताने जेवण धरलं, दुसऱ्याने टॉवेल. उत्तरपत्रिका त्याआधीच आत्याकडे गेल्या होत्या.

"भांडं?"

आमची सगळ्यांची नजर एकाच वेळी गॅसवाल्याच्या डोक्याकडे गेली.

"नाही," तो म्हणाला. "हे सरकारी आहे."

"चार मिनिटं," बसवाल्या बाई म्हणाल्या.

त्याने हेल्मेट काढलं. त्यात फॉइल अंथरली, सोडा घातला, घड्याळजींनी किटली ओतली आणि मी कडं आत सोडलं. फेस आला. पुन्हा तोच वास सुटला. गॅसवाल्याने सवयीने यंत्र पुढे केलं. सगळी गल्ली पिवळ्या हेल्मेटवर वाकून बघत होती आणि काळ्या पाण्यातून आधी एक पान वर आलं, मग दुसरं, मग सगळी फांदी! चमच्याची चूक मी पुन्हा केली नाही. घड्याळजींनी चिमट्याने कडं बाहेर काढलं आणि आईने ते पदराने पुसलं.

बसवाल्या बाईंनी कडं हातात चढवलं, मनगट उन्हात फिरवलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक तुकडा नाचला.

"हेच," त्या म्हणाल्या. "असंच म्हणाले होते." मग आईकडे वळून, जरा हळू आवाजात, "फार भांडखोर होते हो. पण गोड."

बस अकरा-अकराला सुटली. वळणावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तेव्हा कडं इतकं चमकलं की मागून येणाऱ्या सायकलवाल्याने ब्रेक दाबला.

गॅसवाला जाण्याआधी त्याचा कागद भरत बसला. "गळतीचं कारण: शेगडी, नळी, की इतर," तो पुटपुटला आणि त्याने लिहिलं: 'इतर (२४).' हेल्मेट मात्र त्याने डोक्याला घातलं नाही, काखोटीला मारून नेलं. आत्याने चोवीसांपैकी एकही अंडं खाल्लं नाही. तिची वासना म्हणे कायमची उडाली.

दुपारी आम्ही अडतीस काळेकुट्ट दागिने ओट्यावर ओतले. हे सगळं निस्तरायला महिना तरी लागणार होता, कारण त्यांच्या खोलातलं काळं ठेवून फक्त उठाव उजळायचा होता आणि ते पातेल्यात होत नाही, अंगठ्यानेच होतं. आई बाबांच्या स्टुलावर बसली. शटर ओढण्याचा विषय कोणी काढला नाही. तेवढा वेळ कोणाला होता?

घड्याळजी मदतीला आले. "खणातल्या त्या सात पुड्याही काढ," ते म्हणाले. "एवीतेवी हात काळे झालेच आहेत."

मी पहिली पुडी उघडली. झुमके होते आणि झुमक्यांवर आडवी, जाड, काळी रेघ. दुसरीत पेंडंट, त्यावर रेघ. तिसरीत रेघ.

"सगळ्यांवर रस्ता?" घड्याळजी म्हणाले. मग त्यांनी पुडीवरून काढलेलं लाल रबरबँड उचललं, भिंगाखाली धरलं, रेघेवर ठेवून पाहिलं. तंतोतंत बसलं. त्यांनी भिंग काढलं. आज दुसऱ्यांदा.

"रबरात गंधक असतं," ते शांतपणे म्हणाले. "चांदीला रबर कोण लावतं?"

माझ्या सुवाच्य अक्षरातली सात लेबलं ओट्यावर पडली होती. ती सगळ्यांनीच वाचली.

"आणि प्रत्येक खणात तो खडूचा तुकडा ठेवायचा," घड्याळजी म्हणाले. "खडू हवेतला ओलावा ओढून घेतो, चांदी लवकर काळी पडत नाही. ते खडू कुठेत?"

हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हालाच सांगतेय!

सोमवारी ग्रंथालयातून येताना मी खडूचा खोका घेऊन आले. घाईत वाचला नाही, घरी उघडला तर गुलाबी निघाले! आईने एक उचलला, काळ्या पडद्याच्या सावलीत धरला, थोडा वेळ बघितला. "असू दे," ती म्हणाली आणि प्रत्येक खणात एकेक ठेवून दिला.

परवा घड्याळजींनी एक अंगठी उजेडात धरली. "ही गुलाबी पूड कसली गं?"

"शैली आहे," मी म्हणाले.